विश्लेषण : ५१ वर्षे, १८,६८९ मते... अमेरिकी सिनेटर रॉबर्ट बर्ड यांची मतनोंद काय सांगते? आपल्या आमदार-खासदारांची अशी नोंद का मिळत नाही?

आपल्या खासदाराने सभागृहात किती दिवस हजेरी लावली, किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला, हे मोबाइलवर दोन मिनिटांत कळते. पण एखाद्या वादग्रस्त विधेयकावर त्याने ‘हो’ म्हटले की ‘नाही’, हे शोधायला गेल्यास बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. अमेरिकेत मात्र ६० वर्षांपूर्वीचे मतही नावानिशी सापडते. अमेरिकी सिनेटमध्ये सर्वाधिक काळ बसलेले रॉबर्ट बर्ड हे त्याचे ठळक उदाहरण. तरुणपणी वर्णद्वेष्ट्या संघटनेत असलेला, नागरी हक्कांच्या कायद्याविरोधात रात्रभर बोलत राहिलेला हा नेता अखेरच्या वर्षांत नागरी हक्क संघटनांच्या कौतुकाचा विषय ठरला. हा बदल खरा होता की सोयीचा, याचा निवाडा करण्यासाठी अमेरिकी मतदारांकडे त्यांच्या भाषणांपलीकडेही काही होते.

रॉबर्ट बर्ड कोण होते?

रॉबर्ट कार्लाइल बर्ड यांचा जन्म १९१७ मधला. ते तान्हे असतानाच इन्फ्लुएन्झाच्या साथीत आईचे निधन झाले. आत्या आणि तिच्या पतीने त्यांना दत्तक घेतले आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या परिसरात वाढवले. पेट्रोल पंपावरील काम, मांसविक्रीच्या दुकानातील नोकरी, महायुद्धाच्या काळात जहाजबांधणी कारखान्यात वेल्डिंग असे करत ते १९४६ मध्ये राज्याच्या विधिमंडळात पोहोचले. १९५३ ते १९५९ ते अमेरिकी प्रतिनिधिगृहात होते. जानेवारी १९५९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे सिनेटमध्ये आले आणि २८ जून २०१० रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी निधन होईपर्यंत तिथेच राहिले. सिनेटमधील त्यांची ५१ वर्षांहून अधिक काळाची कारकीर्द हा आजही विक्रम आहे. या काळात ते पक्षाचे प्रतोद, बहुमत असताना आणि नसतानाही पक्षाचे सभागृह नेते आणि सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या ताकदवान समितीचे अध्यक्ष होते.

१८,६८९ हा आकडा कुठून आला?

बर्ड यांनी सिनेटमध्ये नावानिशी नोंदवलेल्या मतांची ही संख्या आहे. मतदानाच्या वेळी हजर राहण्याचे त्यांचे प्रमाण ९७ टक्क्यांहून अधिक होते. ही मोजणी शक्य झाली, कारण अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात तशी तरतूद आहे. सभागृहात हजर असलेल्यांपैकी एक-पंचमांश सदस्यांनी मागणी केली, की कोणी बाजूने आणि कोणी विरोधात मत दिले याची नोंद कामकाजात करावीच लागते. म्हणजे बहुमतवाल्यांची इच्छा नसली, तरी छोटा गट नोंद करायला भाग पाडू शकतो.

सिनेटमध्ये आजही मतदानासाठी बटणे नाहीत. लिपिक एकेका सदस्याचे नाव पुकारतो आणि सदस्य होकार किंवा नकार देतो. किरकोळ बाबी तिथेही आवाजी मतदानाने मंजूर होतात, पण महत्त्वाच्या विषयांवर नावानिशी मत हाच रिवाज आहे.

१९६४ मध्ये त्यांनी काय केले?

बर्ड यांच्या कारकीर्दीवरचा सर्वात मोठा डाग इथे आहे. कृष्णवर्णीयांना हॉटेले, बसगाड्या, नोकऱ्या अशा ठिकाणी समान वागणूक देणारे नागरी हक्क विधेयक १९६४ मध्ये सिनेटपुढे आले. ते त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हवे होते. दक्षिणेकडील सदस्यांनी भाषणे लांबवत नेऊन दोन महिन्यांहून अधिक काळ विधेयक अडवून धरले. ‘फिलिबस्टर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डावपेचात शेवटचे मोठे भाषण बर्ड यांचे होते. ९ जूनच्या संध्याकाळी ते उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थांबले. एकूण १४ तास १३ मिनिटे.

त्याच दिवशी सिनेटने ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवण्याचा ठराव संमत केला. नागरी हक्कांच्या विधेयकावरील अशी कोंडी सिनेटने मतदानाने फोडण्याची ती पहिलीच वेळ. १९ जूनला विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाले. त्या २७ जणांत बर्ड होते. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचे रक्षण करणारा कायदा आला, त्यालाही त्यांनी विरोध केला. १९६७ मध्ये थर्गुड मार्शल हे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. त्यांच्या विरोधात पडलेल्या ११ मतांतील एक मत बर्ड यांचे होते.

या मतांमागे जुनी पार्श्वभूमी होती. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्ड यांनी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेची स्थानिक शाखा उभारली होती. १९५२ च्या निवडणुकीत हा विषय निघाला, तेव्हा आपण वर्षभरातच रस गमावून बाहेर पडलो, असे त्यांनी सांगितले. पण या संघटनेची आज पूर्वीपेक्षा अधिक गरज आहे, असे त्यांनी तिच्या प्रमुखाला लिहिलेले पत्र समोर आले. ते १९४६ चे होते. तोंडी खुलासा आणि लेखी नोंद यांच्यातला फरक मतदारांना तेव्हाच दिसला होता.

मग ते बदलले की नाही?

मतनोंद पाहिली तर बदल दिसतो, पण तो सरळ रेषेत नाही. १९६८ मध्ये घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. त्याच मार्चमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांच्यावर मात्र त्यांनी सिनेटमध्ये जहरी टीका केली. मेम्फिसमधील मोर्चाला हिंसक वळण लागल्याचे निमित्त होते. पुढच्याच आठवड्यात किंग यांची हत्या झाली. १९८३ मध्ये किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी जाहीर करणारे विधेयक सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाले, तेव्हा बर्ड यांचे मत बाजूने होते.

१९६४ चे मत ही आपली मोठी चूक होती, असे त्यांनी नंतर वारंवार सांगितले. क्लॅनमधील सहभागाबद्दलही अनेकदा जाहीर माफी मागितली. ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या सर्वात जुन्या हक्क संघटनेने २००३-०४ या काळातील सिनेटमधील मते तपासली, तेव्हा तिने विचारात घेतलेल्या सर्व मतांत बर्ड संघटनेच्या भूमिकेबरोबर होते. मे २००८ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांनी बराक ओबामांना पाठिंबा दिला. त्याच महिन्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या मतदारांनी हिलरी क्लिंटन यांना भरघोस मतांनी जिंकून दिले होते. म्हणजे हा पाठिंबा स्थानिक लोकमताच्या विरोधात जाऊन दिलेला होता.

पण सगळ्याच विषयांवर ते बदलले नाहीत. समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता नाकारणारा कायदा १९९६ मध्ये ८५ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला. बर्ड यांनी त्याच्या बाजूने नुसते मत दिले नाही, तर जोरदार भाषणही केले.

युद्धांबाबत त्यांची भूमिका काय होती?

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील घटनेनंतर अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव सिनेटमध्ये आला. ८८ सदस्यांनी होकार दिला, फक्त दोघांनी विरोध केला. बर्ड होकार देणाऱ्यांत होते. ३८ वर्षांनी, ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवरील हल्ल्याची परवानगी अध्यक्ष जॉर्ज बुश यांना द्यावी का, यावर मतदान झाले. ७७ विरुद्ध २३ मतांनी ठराव संमत झाला. विरोध करणाऱ्या २३ जणांत बर्ड सर्वात मुखर होते. टोंकिनच्या वेळी आपण घाईत मत दिले, त्याचा पश्चात्ताप होतो, तीच चूक सिनेटने पुन्हा करू नये, असा त्यांचा मुद्दा होता. युद्ध सुरू करण्याचा अधिकार घटनेने कायदेमंडळाला दिला आहे आणि तो असा अध्यक्षांच्या हाती सोपवता येत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद.

या इशाऱ्याला वजन आले, कारण १९६४ चे मत नोंदीत होते. आपण तेव्हाच सावध केले होते, असे म्हणण्याची सोयच त्यांना नव्हती.

भारताशी त्यांचा संबंध कुठे आला?

हवामान बदलाच्या प्रश्नावर. जुलै १९९७ मध्ये बर्ड आणि रिपब्लिकन सिनेटर चक हेगेल यांनी मांडलेला ठराव सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी संमत केला. विकसनशील देशांवरही त्याच काळात उत्सर्जनकपातीचे बंधन नसेल किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर हानी होणार असेल, तर अशा करारावर अमेरिकेने सही करू नये, असा त्याचा आशय होता. चर्चेत रोख चीन आणि भारतासारख्या देशांवर होता. त्यानंतर डिसेंबरमध्ये क्योटो करार झाला. त्यात विकसनशील देशांवर तसे बंधन नव्हते. क्लिंटन प्रशासनाने तो मंजुरीसाठी सिनेटपुढे आणलाच नाही. ९५-० या आकड्यानंतर तो तिथे टिकणार नाही, हे उघड होते.

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाचे राज्य. त्यामुळे बर्ड यांची ही भूमिका मतदारसंघाच्या हिताची मानली गेली. डिसेंबर २००९ मध्ये मात्र त्यांनी लेख लिहून कोळसा उद्योगालाच सुनावले. हवामान बदल नाकारणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे आहे आणि उद्योगाने बदल स्वीकारला नाही तर तो मागे पडेल, असा त्याचा सूर होता. मृत्यूच्या सहा महिने आधीचा हा लेख त्यांच्या राज्यात अनेकांना रुचला नाही.

मतांच्या आकड्यांवरून नेता पूर्ण कळतो का?

नाही. मतनोंदीतून काय केले ते कळते, का केले ते कळत नाही. १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस या दुसऱ्या कृष्णवर्णीय न्यायाधीशाच्या नियुक्तीवर मतदान झाले. बर्ड यांनी विरोधात मत दिले. मार्शल आणि थॉमस या दोघांच्याही विरोधात मत देणारे ते एकमेव सिनेटर. नुसती यादी पाहिली, तर दोन्ही मतांमागे एकच कारण होते असे वाटेल. पण मार्शल यांना विरोध करणारे बहुतेक जण दक्षिणेकडील राज्यांचे होते आणि तो विरोध नागरी हक्कांच्या लढाईचा भाग होता. थॉमस यांच्या वेळी कारण वेगळे होते. थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांच्या साक्षीवर आपला विश्वास आहे, असे बर्ड यांनी भाषणात स्पष्ट केले होते.

बोलणे आणि मत यांतही अंतर असू शकते. १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावरील महाभियोगात, त्यांचे वर्तन गंभीर गुन्ह्यात मोडते असे बर्ड यांनी मुलाखतीत सांगितले. मत मात्र त्यांना पदावरून न हटवण्याच्या बाजूने दिले. काही गोष्टी तर मतनोंदीत येतच नाहीत. खर्चाच्या समितीत बसून त्यांनी आपल्या छोट्या, गरीब राज्याकडे रस्ते, पूल आणि सरकारी कार्यालये वळवली. त्यांतील कित्येकांना त्यांचेच नाव आहे. मतदारांना हा विकास वाटला, तर टीकाकारांना सरकारी तिजोरीची लूट. म्हणूनच मतनोंद भाषणांसोबत आणि निधीच्या हिशेबासोबत वाचावी लागते. पण ती नसेल, तर उरते ते फक्त नेत्याने स्वतःबद्दल सांगितलेले.

पक्षाविरोधात मत देऊनही ते टिकले कसे?

१९६४ मध्ये बर्ड स्वपक्षाच्या अध्यक्षाविरोधात गेले, तरी त्यांची जागा गेली नाही. अमेरिकेत प्रतोद सदस्यांची मनधरणी करतो, दबाव आणतो. पण पक्षादेश मोडला म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. उलट १९७१ मध्ये याच पक्षाच्या सिनेटरांनी बर्ड यांना प्रतोद केले, तेही एडवर्ड केनेडी यांना हरवून. २४ डिसेंबर २००९ च्या सकाळी आरोग्य विमा विधेयक सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले, तेव्हा ९२ वर्षांचे बर्ड चाकाच्या खुर्चीतून आले होते. चार महिन्यांपूर्वी निधन झालेल्या केनेडी यांचे नाव घेऊन त्यांनी होकार दिला.

भारतात अशी नोंद का मिळत नाही?

पहिले कारण आवाजी मतदान. संसदेत आणि विधानसभेत बहुतेक विधेयके पीठासीन अधिकारी ‘होय’ आणि ‘नाही’चा आवाज ऐकून मंजूर करतात. कोणी मतविभाजन मागितले तरच नावे नोंदली जातात. मागणी आवाजात हरवली किंवा मान्य झाली नाही, तर कोण कुठल्या बाजूला होते याचा पुरावा उरत नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके अशीच गोंधळात मंजूर झाली. विरोधक मतविभाजन मागत होते, ते झाले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घेणारे विधेयकही आवाजी मतदानानेच संमत झाले. त्यामुळे दोन्ही वेळी एखाद्या सदस्याने वैयक्तिकरीत्या काय केले, हे सांगणारी यादी नाही.

महाराष्ट्राने याहून मोठे उदाहरण पाहिले आहे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारने विधानसभेत विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. २८८ जागांच्या सभागृहात भाजपने १२२ जागा जिंकल्या होत्या, शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती आणि राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. मतविभाजन झाले नाही. राष्ट्रवादीच्या आमदारांनी सरकार वाचवले की ते गप्प राहिले, हा प्रश्न मतनोंदीतून सुटत नाही.

दुसरे कारण पक्षांतरबंदी. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, पक्षादेशाविरोधात मत दिल्यास किंवा मतदानाला गैरहजर राहिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले तरच सुटका. घोडेबाजार रोखणे हा त्यामागचा हेतू होता. पण तो आदेश सरकार वाचवण्यापुरता मर्यादित नाही, कुठल्याही विधेयकावर काढता येतो. परिणामी मतविभाजन झाले, तरी यादीत सदस्याचे नव्हे, पक्षाचे मत दिसते.

मग भारतात नोंद कधीच होत नाही का?

होते. घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे मतविभाजन अटळ असते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षण विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. ती दोन मते एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी आणि छत्रपती संभाजीनगरचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांची होती. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा नाही, हे त्यांनी दिलेले कारण. ते पटो वा न पटो, संभाजीनगरच्या मतदाराला आपल्या खासदाराने काय केले हे नेमके कळले. अशा मतविभाजनाचा तपशील लोकसभेच्या कामकाजाच्या छापील आणि ऑनलाइन वृत्तांतात मिळतो.

इतर विधेयकांबाबत मात्र नागरिकाला हजेरी, प्रश्न आणि भाषणे यांवरच भागवावे लागते. लोकप्रतिनिधींची प्रगतिपुस्तके याच तीन गोष्टींवर बेतलेली असतात, कारण मोजता येण्याजोगे तेवढेच असते. विधेयकाविरोधात तासभर बोलून मतदानाआधी सभात्याग करणारा सदस्य त्या पुस्तकात उत्तम गुण मिळवतो.

काय बदलता येईल?

यासाठी घटना बदलण्याची गरज नाही. लोकसभा आणि राज्यसभेत बटण दाबून मत नोंदवण्याची यंत्रणा बसवलेली आहेच. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम टप्प्यावर मतविभाजन सक्तीचे करणे हा सभागृहाच्या नियमांचा विषय आहे. पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक ठराव, अर्थविषयक विधेयके अशा मोजक्या बाबींपुरती ठेवावी, अशी सूचनाही जुनी आहे. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. हा बदल मात्र दहाव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेत दुरुस्ती करूनच होऊ शकतो. पहिला बदल झाला आणि दुसरा रखडला, तरी फरक पडेल. महत्त्वाच्या मतदानाला आपला प्रतिनिधी हजर होता की सभात्याग करून बाहेर पडला होता, एवढे तरी पुढच्या निवडणुकीत मत मागायला तो दारात येईल तेव्हा त्याला विचारता येईल.